हापशीवरचा आळ

मी एक जुनी हापशी आहे, मित्रांनो. रायपूरच्या रेल्वे लाइनीला लागून एक पारा आहे, पारा म्हणजे मोहल्ला. तिथं गेली तीस वर्षं मी एकाच जागी उभी आहे. इथली छत्तीसगढी माणसं मला बोरिंग म्हणतात. नागपूर, भंडारा, गोंदियाकडून रेल्वेच्या नोकरीसाठी आलेली मराठी घरं हापशी म्हणतात. मला दोन्ही नावं चालतात. कुणीही दांडा हलवला की मी पाणी देते, बोलता मात्र येत नाही. त्याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. यंदाच्या उन्हाळ्यात असे चार दिवस आले की मला वाचा असती तर मी ओरडले असते. पण ओरडून सांगणार काय? माझ्याबद्दल खरं काय, ते माझं मलाच ठाऊक नव्हतं.

एका कारखान्यात माझे लोखंडी भाग तयार झाले. मला हिरवा रंग दिला आणि ट्रकमध्ये आडवं टाकून इथं आणलं. बोअरची गाडी दोन दिवस घरघरत होती. एकशे ऐंशी फुटांवर पाणी लागलं. आधी लाल गढूळ आलं, मग स्वच्छ. कलावतीबाई तेव्हा रेल्वेच्या दवाखान्यात आया होत्या, नुकत्याच ड्यूटीवरून आल्या होत्या. त्यांनी पहिली ओंजळ प्यायली आणि म्हणाल्या, "गोड हाय वं बाई!" ते चार शब्द मला अजून आठवतात.

त्यानंतरची वीस-बावीस वर्षं मला उसंत नव्हती. पहाटे चारपासून भांड्यांची रांग लागे. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरी माझ्याच ओट्यावर पाय घासायची. मे महिन्यात पाणी खाली जायचं, तेव्हा दोघी-दोघी मिळून दांडा मारायच्या आणि मी धापा टाकत त्यांच्या घागरी भरायचे.

मग नळ आले. मोठी पाइपलाइन रस्त्याच्या त्या बाजूनं गेली, आणि मध्ये होती नाली. मागच्या ओळीतल्या घरांपर्यंत नळ न्यायचा कसा, हा प्रश्न होता. देवीदास काकांनी तो सोडवला. काका रेल्वेच्या सिग्नल विभागात होते, आता निवृत्त आहेत. त्यांनी नालीतून आपल्या घरी पाइप घेतला आणि त्याच पाइपावरून मागच्या अकरा घरांना पाणी दिलं. कुणाकडून काही घेतलं नाही. त्या दिवशी लोकांनी त्यांना झेंडूचा हार घातला, आणि त्या दिवसापासून मला विसरायला सुरुवात केली. माझा रंग उडाला. एका ट्रकनं मागे येताना धक्का दिला, दांडा वाकला, तो तसाच राहिला. पाऱ्याच्या दुसऱ्या टोकाची सात-आठ घरं तेवढी माझं पाणी पीत. त्यांत भीमाबाई होत्या. त्या भंडाऱ्याकडच्या, एकट्या, आणि गुपचुपची गाडी लावायच्या. पाणीपुरीला इकडे गुपचुप म्हणतात. चिंचेचं पाणी करायला त्या रोज माझ्याकडे मडकं भरत.

आणि संध्याकाळी माझ्या ओट्यावर शाळा भरायची. शाळा म्हणजे सोनिया आणि बारा-पंधरा मुलं. सोनिया एकोणीस वर्षांची, कॉलेजात विज्ञान शिकते. तिचे वडील गौतम रेल्वे लाइनीवर काम करतात. ती घरी मराठी ऐकते आणि उत्तर हिंदीत देते, इथली सगळीच तरुण मुलं तशी आहेत. तिच्या शाळेत फळा नव्हता. गोल करून बसायचं आणि एक प्रश्न घ्यायचा. ज्यानं उत्तर दिलं त्याला बाकीच्यांनी विचारायचं, "कैसे मालूम?" लोखंड पाण्यात बुडतं, मग लोखंडाचं जहाज कसं तरंगतं? यावर एकदा दोन संध्याकाळी वाद झाला. शेवटी कुणी घरून स्टीलची वाटी आणली, कुणी खिळा आणला, माझ्या खाली बादली भरली आणि सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. मला ती गंमत वाटायची. तो खेळ एक दिवस माझ्या जिवावरचं संकट टाळायला उपयोगी पडेल, असं माझ्या स्वप्नातही नव्हतं.

रामनवमी झाली आणि आठवड्याभरात मागच्या ओळीतल्या एका मुलाचे डोळे पिवळे झाले. कावीळ, म्हणजे इथल्या भाषेत पीलिया. मग त्याच्या बहिणीचे. मग शेजारच्या घरात तिघांचे. पंधरवड्यात आकडा तेरावर गेला. लोक दबक्या आवाजात बोलायला लागले. ओट्यावरची मुलं कमी झाली.

चौदावी होती अपर्णा. देवीदास काकांची सून, सात महिन्यांची गरोदर. तिला घेऊन जाणारी गाडी माझ्यासमोरून गेली, तेव्हा ती खिडकीला डोकं टेकून बसली होती आणि तिच्या डोळ्यांत पांढरं असं काही उरलंच नव्हतं.

त्याच रात्री सगळ्यांच्या फोनवर एक निरोप फिरला. त्यात एका हापशीचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, 'इस हैंडपंप का पानी जहर है.'

बुधवारी सकाळी देवीदास काका दवाखान्यातून थेट माझ्याकडे आले. दाढी वाढलेली, अंगात कालचाच शर्ट. हातात जाड तार होती. मागे दहा-पंधरा माणसं. त्यांनी काही न बोलता माझा दांडा खाली ओढला आणि तारेनं खांबाशी आवळून बांधला. नेमक्या त्याच वेळी भीमाबाई गाडी ढकलत मडकं भरायला आल्या.

"भीमाबाई, बंद कर हा धंदा!" काका ओरडले.

"काहून? म्या काय केलं?"

"चवदा जण पडले. पोट्ट्यायनं तुह्या हातचे गुपचुप खाल्ले, त्यात याच हापशीचं पाणी. माह्या सुनेचे डोये हयदीसारखे झाले. डॉक्टर म्हणते, दोघांतलं कोनीच वाचंल का नाही सांगता येत नाही. अन् तू इचारते काय केलं?"

"भाऊ, मी सोता हेच पानी पेतो..."

त्यांचं वाक्य पुरं झालं नाही. कुणीतरी गाडीला पाय लावला. गाडी उलटली, पुऱ्या नालीत सांडल्या, मडकं माझ्या ओट्यावर फुटलं. चिंचेचं पाणी माझ्या पायाशी वाहत राहिलं.

"ऐतवारी सकाळी खोली खाली कर," काका म्हणाले. "नाही तर आम्ही सामान बाहेर काढू."

भीमाबाईंनी मडक्याचे तुकडे पदरात गोळा केले आणि त्या गेल्या. गर्दीत सोनिया होती. तिच्या हातात फोन होता.

मित्रांनो, त्या रात्री मी स्वतःला विचारत होते, खरंच का मी हे केलं? एकशे ऐंशी फूट खाली काय चालतं, ते मला दिसत नाही. कुठून काय झिरपत असेल? सगळे म्हणत आहेत तर तसंच असेल, असं मलाही वाटू लागलं. आणि एक गोष्ट तर माझ्या डोळ्यांदेखत घडत होती. कालपर्यंत माझं पाणी पिणारी माणसं आता देवीदास काकांच्या नळावर रांग लावत होती. त्यांत राधिका होती, टोकाच्या घरातली, पाच महिन्यांची गरोदर. काकांनीच तिला सांगितलं होतं, "पोरी, त्या हापशीकडं पाहू बी नको. माह्या नळावरचं ने." आपल्या घरावर आलं ते हिच्यावर येऊ नये, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

गुरुवारी संध्याकाळी सोनिया ओट्यावर आली. पाचच मुलं आली होती. ती म्हणाली, "आज पढ़ाई नहीं. सबको पता है, ये पानी खराब है. कोई हाथ मत लगाना."

चित्रा नावाची अकरा वर्षांची मुलगी आहे. बारीक, दोन वेण्या, बोलली तर थांबत नाही. ती म्हणाली, "दीदी, कैसे मालूम?"

सोनियाचा चेहरा उतरला. तिनं माझ्या तारेकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मुझे नहीं मालूम. मैंने भी वो मैसेज आगे भेजा था. तीस लोगों को."

मग ती खाली बसली. मुलं गोल करून बसली. सोनियानं चुलीतला कोळसा घेतला आणि माझ्या ओट्यावर चौदा रेघा ओढल्या. चौदा आजारी माणसं. कुणी कुणी गुपचुप खाल्ले होते? मुलांना सगळं माहीत होतं. चौदांपैकी अकरा जणांनी. अकरा! मुलं एकमेकांकडे बघू लागली. मला वाटलं, संपलं. आळ खरा ठरला.

"पर दीदी," चित्रा म्हणाली, "जो बीमार नहीं पड़े, उन्होंने नहीं खाया क्या? मैंने तो हर दिन खाया."

जे आजारी नाहीत त्यांना तर कुणीच काही विचारलं नव्हतं.

शुक्रवारी मुलं घरोघर गेली. काही घरांनी दार लावून घेतलं. एकानं सोनियाला सुनावलं, "तुले लय अक्कल आली का? लोकं मरून राहिले अन् तू परीक्षा घेऊन राहिली!" ती डोळे पुसत परत आली, पण मुलांनी माहिती आणली होती. पाऱ्यातल्या जवळजवळ प्रत्येक मुलानं गुपचुप खाल्ले होते, आजारी आणि धडधाकट, दोघांनीही. म्हणजे त्या अकरा रेघांनी काहीच सिद्ध होत नव्हतं. शिवाय टोकाची सात-आठ घरं वर्षानुवर्षं फक्त माझं पाणी पीत होती आणि तिथं एकही आजारी नव्हता.

हे सगळं कलावतीबाई आपल्या दारातून ऐकत होत्या. आता त्यांची सत्तरी उलटली आहे, गुडघे दुखतात. त्या काठी टेकत ओट्यावर आल्या आणि म्हणाल्या, "पोट्टे हो, तुम्ही आज काय पेले ते इचारून राहिले. पीलिया असा नसतो. आज खराब पानी पेलं तर उद्या नाही होत. तीन आठवडे, महिना, दीड महिनाही अंगात दबून राह्यते. म्या दवाखान्यात हेच पाह्यलं. इचारायचं असंल तं मागच्या महिन्याचं इचारा."

"पिछले महीने?" सोनिया ताठ बसली. "पिछले महीने तो ये बंद था ना?"

कधी बंद होतं, ते कुणालाच नीट आठवेना. कुणी म्हणे होळीनंतर, कुणी म्हणे आधी. मला तारखा कळत नाहीत, मला एवढंच आठवत होतं की माझा वायसर, म्हणजे पाणी वर ओढणारी आतली चकती, फाटला होता आणि कितीतरी दिवस मी कोरडी होते. तेवढे दिवस टोकाच्या घरांनी पलीकडच्या गल्लीतल्या नळावरून पाणी आणलं होतं. तेव्हा ड्यूटीवरून आलेल्या सोनियाच्या वडिलांनी, गौतमनी, नत्थूला फोन लावला. नत्थू हापशा दुरुस्त करतो, शहरभर सायकलवर फिरतो. तो लगेच आला. खिशातून वही काढली. कुठली हापशी कधी बंद पडली, कधी सुरू केली, ते त्यात लिहिलेलं होतं.

"हव दीदी," तो म्हणाला, "महाशिवरात्री ले बंद परे रिहिस. रामनवमी के दिन बनाय हंव."

म्हणजे महाशिवरात्रीपासून रामनवमीपर्यंत माझ्यातून थेंब निघाला नव्हता. आणि पहिले पाच जण रामनवमीनंतर आठवड्याभरात आजारी पडले होते. त्यांच्या अंगात आजार शिरला, तेव्हा मी कोरडी होते!

नत्थूनं सोनियाच्या फोनवरचा तो फोटो पाहिला आणि तो हसला. फोटोतल्या हापशीचा दांडा सरळ होता. "ये हमर बोरिंग नो हे," तो म्हणाला. ही आपली हापशीच नाही. एवढ्या लोकांनी तो फोटो पाहिला होता, माझ्या वाकड्या दांड्याला रोज बघणाऱ्यांनीसुद्धा.

पण मग आजार आला कुठून? सोनिया म्हणाली, नळाच्या पाण्याची वरची टाकी खराब असेल. गौतम म्हणाले, नाही, त्याच टाकीचं पाणी पलीकडच्या गल्लीत जातं, तिथं एकही आजारी नाही. एक मुलगा म्हणाला, देवळातल्या भंडाऱ्याच्या पंगतीतून. कलावतीबाई म्हणाल्या, त्या जेवणाला मी होते, सारा पारा होता. एकेक तर्क पुढे यायचा आणि कुणाच्या तरी माहितीवर आपटून पडायचा. वाद वाढला, आवाज चढले. शेवटी चित्रानं कोळसा घेतला आणि ओट्यावर पाऱ्याचा नकाशा काढला. रस्ता, नाली, घरं. आणि आजारी माणसाच्या घरावर फुली.

सगळ्या फुल्या एकाच ओळीत आल्या. देवीदास काकांचं घर आणि त्यामागची अकरा घरं. त्यांच्या बाहेर एकही फुली नाही.

त्या बारा घरांना जोडणारी गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. काकांचा पाइप.

"आता काय होईल ते होवो," कलावतीबाई म्हणाल्या, "आधी साऱ्यायले सांगा, पानी उकळून प्या. राधिकेले मी सोता सांगतो." त्या गेल्या. काहींनी ऐकलं. काहींनी, काकांच्या नळाला कोण नावं ठेवतं, म्हणून चूल पेटवली नाही.

शनिवार उजाडला. दवाखान्यातून बातमी आली, अपर्णा शुद्धीत नाही. भीमाबाईंच्या खोलीतून भांडी बांधल्याचा आवाज येत होता. अशा दिवशी देवीदास काकांना जाऊन कोण सांगणार? गौतम सोनियाला म्हणाले, "पोरी, जाऊ दे. त्यायच्या घरी मरण बसून आहे."

"बाबा, कल भीमा मौसी चली जाएगी. और कुछ घर अब भी वही पानी बिना उबाले पी रहे हैं."

सोनियानं मुलांना एकच गोष्ट बजावली. काकांना कुणी काही सांगायचं नाही, फक्त विचारायचं.

संध्याकाळी नळाची वेळ संपल्यावर कलावतीबाई काकांना हाताला धरून घेऊन आल्या. मागोमाग गर्दी जमली. काकांचे डोळे तारवटलेले होते.

"काका, हमने किसी का नाम नहीं लिखा. सिर्फ घर बनाए हैं, और जहाँ कोई बीमार है वहाँ निशान. आप एक बार देखिए. आपको क्या दिखता है?"

काका खाली वाकले. त्यांचं बोट एका फुलीवरून दुसरीवर गेलं, तिसरीवर गेलं. आपल्या घराच्या चौकोनावर येऊन थांबलं. नत्थूनं आपली वही त्यांच्यासमोर उघडी धरली. कलावतीबाईंनी आजाराच्या दिवसांचं सांगितलं. काका ऐकत होते की नाही, कळत नव्हतं.

गर्दीतून एक जण ओरडला, "म्हंजे काकाच्या नळावर शक? फुकट पानी देल्ल्याचं हे फळ?" तो पुढे आला आणि नकाशा पुसायला त्यानं पाय उचलला.

काकांनी हात आडवा केला. "थांब."

"काका, पाइप में कभी कुछ हुआ था क्या? मार्च के आसपास?" सोनियानं विचारलं.

काकांनी तिच्याकडे पाहिलं. ते उठले आणि घरात निघून गेले. दार लागलं. लोक सोनियावर तुटून पडले. कुणी म्हणालं, म्हाताऱ्याला मारून टाकता का? सोनिया खाली मान घालून उभी होती, चित्रानं तिचा हात घट्ट धरला होता. मला वाटलं, झालं. उद्या भीमाबाई जातील, मला उपटून टाकतील, आणि राधिका...

दार उघडलं. काकांच्या हातात कपड्यांना घालायच्या निळीच्या पुड्या होत्या. पाच-सहा.

"सिग्नल फेल झाला का," ते कुणाकडेही न बघता म्हणाले, "आम्ही कोनाले शिव्या नव्हतो देत. तार तुकड्या-तुकड्यानं तपासत जावं लागे. जवरी दोष सापडत नाही, तवरी कोन्या तुकड्याची भीड नाही. तीस वर्षं हेच केलं म्या. अन् घरात आग लागली तं इसरलो." मग नत्थूकडे वळून म्हणाले, "दोन पोते रेती आण. पाइपाच्या दोन्ही बाजूनं नाली अडव."

दिवेलागणीला त्या दोघांनी नाली अडवली आणि मधल्या पाण्यात सगळी नीळ कालवली. काकांनी समजावून सांगितलं. नळ बंद असतो तेव्हा पाइप रिकामा होत जातो आणि कुठं फट असेल तर बाहेरचं पाणी आत ओढतो. पाइप धड असेल तर सकाळी पाणी स्वच्छ येईल. नसेल तर निळं.

रविवारी सकाळी साडेसहाला नळाची वेळ. सहापासून सारा पारा काकांच्या अंगणात उभा होता. त्यांचा नळ अगदी माझ्या समोर आहे. तिकडे भीमाबाईंच्या दारात ऑटो लागला होता. गादीची वळकटी आणि दोन पेट्या चढल्या होत्या, त्या अभनपूरला लेकीकडे चालल्या होत्या.

नळ फुसफुसला. काकांनी पांढरी बादली खाली ठेवली. पाणी आलं. स्वच्छ. अगदी काचेसारखं.

गर्दीतून सुस्कारा निघाला. "पाहा! म्हटलं होतं ना?" कुणीतरी म्हणालं. सोनियाचा चेहरा पांढराफटक पडला. काका मात्र हलले नाहीत. त्यांची नजर धारेवर होती. बादली अर्धी झाली. पाऊण झाली.

मग नालीतल्या भागाचं पाणी नळापर्यंत पोचलं आणि धारेत एक निळा धागा दिसला. तो जाड झाला. बघता बघता सगळी बादली आभाळासारखी निळी झाली.

मागच्या घरांतून बायका धावत आल्या, "आमच्याही नळाला निळं!" आणि काकांना पाहून थबकल्या.

काका पायरीवर बसले. "होळीच्या आदल्या दिशी नाली साफ करताना लोखंडी सब्बल लागली होती पाइपाले," ते म्हणाले. "म्या सायकलची ट्यूब गुंडाळली वरून. म्याच. याच हातानं. म्हटलं, भागते." त्यांनी तळहात पाहिले, ते निळे होते. "माह्या सुनेले म्या पाजलं ते."

मग कलावतीबाई त्यांच्याजवळ जाऊन बसल्या.

थोड्या वेळानं काका उठले, पक्कड घेतली आणि माझ्याकडे आले. तार तोडली. मग ऑटोसमोर जाऊन उभे राहिले. "भीमाबाई, माह्यं चुकलं. उतर खाली. माफ कर म्हनायचं तोंड नाही माह्यं."

भीमाबाई उतरल्या. सरळ माझ्याकडे आल्या, दांडा मारला, तांब्या भरला आणि त्यांच्यासमोर धरला. "जहर हाय म्हने यात. आधी तुम्ही प्या."

काकांनी तांब्या तोंडाला लावला, तेवढ्यात सोनिया धावली. "नहीं काका, रुकिए! इतना ही पता चला है कि बीमारी इससे शुरू नहीं हुई. ये पानी साफ है, ये अभी किसने जाँचा?"

खरं सांगते, मित्रांनो, मला राग आला. एवढं होऊनही माझ्यावर शंका? पण मग समजलं, कालपर्यंत लोकांनी न तपासता मला वाईट ठरवलं होतं, आज न तपासता चांगलं ठरवत होते. सोनियाला दोन्ही चालत नव्हतं. नत्थूनं बाटली भरून तपासायला नेली. पाच दिवसांनी कागद आला. पाणी पिण्याजोगं होतं, लोह जरा जास्त. ते वाचून दाखवलं तेव्हा मी माझ्याबद्दलचं खरं पहिल्यांदा ऐकलं.

पाइप त्याच दिवशी कापला. आता नवा पाइप नालीच्या वरून, लोखंडी नळीतून जातो. अपर्णा नऊ दिवसांनी शुद्धीवर आली. तिला मुलगी झाली, वेळेच्या आधी, तळहाताएवढी. अठरा दिवस काचेच्या पेटीत होती, आता घरी आहे. राधिकाची मात्र वाट बघावी लागली. तिनं पहिले दोन दिवस ते पाणी उकळल्याशिवाय प्यायलं होतं. दीड महिना रोज सकाळी कलावतीबाई तिला माझ्या ओट्यावर उन्हात बसवायच्या आणि पापणी खाली ओढून बघायच्या. रोज त्या क्षणी मी श्वास रोखायचे. पंचेचाळिसाव्या दिवशीही पांढरं ते पांढरंच होतं. "जाय," कलावतीबाई म्हणाल्या, "आता मले रोज तोंड नको दाखवू."

भीमाबाई गेल्या नाहीत. पण त्यांनी या पाऱ्यात परत गाडी लावली नाही. त्या मडकं इथंच भरतात आणि गाडी शंकर नगरला नेतात. देवीदास काकांनी त्यांना नवी गाडी करून दिली, ती त्यांनी घेतली नाही, जुनीच ठोकून वापरतात. काका दर गुरुवारी शंकर नगरपर्यंत चालत जातात आणि सगळ्यांसारखे रांगेत उभे राहून गुपचुप खातात. मुलं सांगतात, दोघं बोलत नाहीत. गेल्या गुरुवारी मात्र भीमाबाईंनी विचारलं म्हणे, "तिखट चालंल का?"

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी तुमच्याही गल्लीत असेल. तिचा दांडा अधूनमधून मारत जा, वायसर बदलत जा. आणि कधी कुणावर आळ आला, मग ते माणूस असो की लोखंड, तर गाडीला पाय लावण्याआधी चार जण गोल करून बसा. तुम्हाला काय माहीत आहे ते सांगा, जे माहीत नाही तेही सांगा, आणि ज्याला अजून कुणीच विचारलेलं नाही त्याला बोलावून घ्या. पाइप एका दिवसात बदलता येतो. मडकं फोडलेल्या माणसाशी पुन्हा बोलायला किती गुरुवार लागतात, ते देवीदास काका अजून मोजत आहेत.